गुडघ्याला बाशिंग

ऑगस्ट महिना सरत आला की अमेरिकेतील लहान महाविद्यालयांच्या फुटबॉलविषयी एक यादी प्रसिद्ध होते. पहिला क्रमांक अमक्याचा, दुसरा तमक्याचा, असे करीत करीत पंचविसावा फलाण्याचा. ज्या दिवशी ही यादी बाहेर पडते, त्या दिवशी तीमधील एकाही संघाने हंगामातील चेंडूला पाय लावलेला नसतो. मुले नुकतीच वसतिगृहात सामान टाकून मैदानावर आलेली असतात. नव्या मुलांची नावेही प्रशिक्षकाच्या जिभेवर अजून बसलेली नसतात. आणि तरीही श्रेष्ठ कोण, कनिष्ठ कोण, याचा निवाडा होऊन गेलेला असतो. उतावळ्या नवऱ्याने गुडघ्याला बाशिंग बांधावे, त्यातलाच हा प्रकार. त्या म्हणीतील नवऱ्याचे लग्न निदान ठरलेले तरी असते. येथे तर सोयरीक जमावयाचीच आहे.

आमचा या यादीस विरोध आहे. तोही केवळ ऑगस्टमधील पहिल्या यादीस नव्हे, तर सप्टेंबरभर दर आठवड्यास निघणाऱ्या राष्ट्रीय व प्रादेशिक अशा सर्वच याद्यांस. हा विरोध आम्ही येथे सविस्तर मांडणार आहो.

सातासमुद्रापलीकडील पोरांच्या खेळाशी आपणांस काय कर्तव्य, असे कोणी वाचक विचारील. त्यास आमची दोन उत्तरे आहेत. गोमंतकात फुटबॉल येऊन शंभराहून अधिक वर्षे लोटली. १८८३ साली शिवोलीस फादर विल्यम रॉबर्ट लायन्स यांनी तो आणला असे सांगितले जाते. तेव्हापासून येथील वाड्यावाड्यांत शेत कापून झाल्यावर गोलाचे खांब उभे राहतात. या खेळात न्याय कोणता व अन्याय कोणता, हे ओळखण्याइतके डोळे आपल्या लोकांस निश्चित आहेत. दुसरे असे की, आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरची मुले अमेरिकेतील महाविद्यालयांत शिकत आहेत, आणि महाविद्यालय निवडताना तेथील नाना प्रकारच्या क्रमवाऱ्या आपल्या घरांत श्रद्धेने वाचल्या जातात. क्रमवारी म्हणजे काय व ती कशी जन्मास येते, हे एका लहानशा उदाहरणावरून पाहिले तर ती श्रद्धा थोडी डोळस होईल. (अमेरिकेत या खेळास ‘सॉकर’ म्हणतात; आम्ही आपला फुटबॉल हाच शब्द वापरतो.)

प्रथम ही महाविद्यालये कोणती ते सांगितले पाहिजे. अमेरिकेतील महाविद्यालयीन खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. १९७३ साली तिने आपल्या सभासद महाविद्यालयांचे तीन विभाग पाडले. पहिल्या विभागात मोठमोठी विद्यापीठे, जेथे खेळाडूस शिष्यवृत्ती मिळते व खेळाभोवती पैशाचा पूर वाहतो. तिसऱ्या विभागात चारशेहून अधिक महाविद्यालये आहेत, आणि त्यांचा मूळ नियमच असा की, खेळतो म्हणून कोणा विद्यार्थ्यास एक कवडीचीही शिष्यवृत्ती द्यावयाची नाही. जो खेळतो तो केवळ खेळावे असे वाटते म्हणून खेळतो. सकाळी प्रयोगशाळेत, दुपारी ग्रंथालयात आणि सायंकाळी मैदानावर. त्या देशातील महाविद्यालयीन फुटबॉलचा उगमही अशाच एका लहान महाविद्यालयापाशी सापडतो. १९०५ साली पेनसिल्व्हेनियातील हॅवरफर्ड महाविद्यालयाने हार्वर्डसारख्या बलाढ्य विद्यापीठास हरविले, तो सामना तेथील आंतरमहाविद्यालयीन फुटबॉलचा आरंभ मानला जातो. हॅवरफर्ड आजही तिसऱ्या विभागातच आहे.

यापुढची गोष्ट आमच्या मुद्द्याच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची. १९५९ सालापर्यंत महाविद्यालयीन फुटबॉलचा राष्ट्रीय विजेता बहुधा मैदानावर ठरत नसे. हंगाम संपल्यावर संघटनेची मंडळी बसत आणि अमुक संघ श्रेष्ठ असे जाहीर करीत. कधी कधी एकाच वर्षी एकाहून अधिक संघांस विजेतेपद वाटून देत. १९५९ साली एनसीएएने पहिली राष्ट्रीय स्पर्धा भरविली व सेंट लुइस विद्यापीठाने ती जिंकली. तिसऱ्या विभागाची स्वतंत्र स्पर्धा १९७४ पासून सुरू झाली, आणि न्यूयॉर्क राज्यातील ब्रॉकपोर्ट हा तिचा पहिला विजेता. म्हणजे टेबलाभोवतीचा निवाडा मोडीत काढून मैदानावरचा निवाडा आणावयास या लोकांस अर्धे शतक लागले. एवढ्या सायासाने जे मागच्या दाराने घालविले, ते दर ऑगस्टमध्ये पुढच्या दाराने पानसुपारी देऊन आत घेण्याचा हा उद्योग आहे.

हंगाम असतो तरी केवढा? सप्टेंबरच्या आरंभी सामने सुरू होतात. ऑक्टोबरच्या अखेरीस साखळीचे सामने आटोपतात, नोव्हेंबरात महाविद्यालयांच्या निरनिराळ्या गटांच्या, ज्यांस तेथे कॉन्फरन्स म्हणतात त्यांच्या, अंतिम लढती होतात, आणि डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याच्या आसपास राष्ट्रीय अंतिम सामना. सुमारे चारशे संघांपैकी चौसष्टांना राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश. त्यांतील बहुसंख्य जागा निरनिराळ्या कॉन्फरन्सच्या विजेत्यांकडे आपोआप जातात. उरलेल्या मोजक्या जागांसाठी जे जिंकले नाहीत पण चांगले खेळले, अशांतून निवड करावी लागते. साऱ्या भांडणाचे मूळ या मोजक्या जागांत आहे. सर्वोत्तम संघास कोणी अडवीत नाही आणि सर्वांत दुबळ्यास कोणी आशा दाखवीत नाही. विसाव्यापासून साठाव्या क्रमांकापर्यंत जे चाळीस-एक संघ घोटाळत असतात, त्यांच्या नशिबाचा हा खेळ आहे.

आता दोषारोपाकडे वळू. पहिला आरोप असा की, ही यादी पुराव्यावाचून दिलेला निवाडा आहे.

सप्टेंबरमधील यादीच्या समर्थकांचे म्हणणे असे असते की, ऑगस्टची यादी अंदाजाची असली तरी सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन-तीन सामने झालेले असतात. तेव्हा पुरावा नाही असे कसे म्हणता? या तीन सामन्यांच्या पुराव्याची आपण थोडी उलटतपासणी घेऊ. समजा, चारशे संघ आहेत आणि ते सर्वच्या सर्व तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत. कोणी कोणाहून तसूभरही वरचढ नाही. अशा दोन संघांच्या शंभर सामन्यांपैकी चाळीस एकाने जिंकावे, चाळीस दुसऱ्याने, आणि वीस बरोबरीत सुटावे, असे धरू. तर मग एखाद्या संघाने केवळ योगायोगाने पहिले तिन्ही सामने जिंकण्याची शक्यता शेकडा सहाहून थोडी अधिक भरते. चारशे संघांत असे किती संघ निघतील? पंचवीस किंवा सव्वीस! म्हणजे ज्या जगात श्रेष्ठ-कनिष्ठ असा भेदच नाही, त्या जगातही सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तिन्ही सामने जिंकलेल्या पंचवीस संघांची एक छानदार यादी तयार होईल. वृत्तपत्रात छापून येईल. आणि तीवर गंभीर चर्चाही होतील.

हाच हिशेब आणखी पुढे न्यावा. सहाच्या सहा सामने केवळ योगायोगाने जिंकणारे संघ चारशेंत एक किंवा दोन निघतील. आठ सामन्यांपर्यंत पोहोचता पोहोचता तसा एखादा संघ निघणे हेच नवल, आणि दहा सामन्यांनंतर तर योगायोगाचे तोंड जवळजवळ बंदच झालेले असते. यावरून पुरावा कधी पुरावा होतो, ते कोणाही समंजस माणसाच्या ध्यानात यावे. तीन सामन्यांच्या आधारे क्रमांक देणारा मनुष्य खोटे बोलतो असे आम्ही म्हणत नाही. तो नाणे उडवितो आणि छाप पडल्यास त्यास भाकीत म्हणतो.

त्यातून फुटबॉल हा विशेषच फसवा खेळ. बास्केटबॉलमध्ये एका संघाच्या खात्यावर साठ-सत्तर गुण लागतात, तेव्हा एखाददुसरी चूक त्या राशीत बुडून जाते. फुटबॉलमध्ये नव्वद मिनिटांत एक गोल होतो, आणि तो कधी गोलरक्षकाच्या हातून चेंडू निसटल्यामुळे, कधी पंचांच्या एका शिट्टीमुळे, तर कधी सप्टेंबरच्या उन्हात थकलेल्या बचाव खेळाडूचा पाय घसरल्यामुळे. शिवाय महाविद्यालयीन नियमांत खेळाडू बदलण्याची मोकळीक जागतिक नियमांपेक्षा अधिक. साहजिकच आरंभीच्या सामन्यांत प्रत्येक प्रशिक्षक आपल्या ताफ्यातील झाडून साऱ्या मुलांस उतरवून पाहतो. कोण उजव्या बगलेस शोभतो, कोण मध्यास, याचा शोध चाललेला असतो. म्हणजे ज्यास हे लोक संघाचा ‘फॉर्म’ म्हणतात, ते पुष्कळदा प्रशिक्षकाचे प्रयोग असतात. त्यात आणखी एक भर २०२२ साली पडली. त्या हंगामापासून साखळी सामन्यांतील जादा वेळ रद्द करण्यात आला. पूर्वी बरोबरी झाल्यास दहा-दहा मिनिटांचे दोन डाव होत व पहिला गोल करणारा जिंके. आता नव्वद मिनिटांनंतर बरोबरी ती बरोबरीच. हा बदल आम्हांस स्वतःला योग्य वाटतो. विद्यार्थ्यांच्या दुखऱ्या गुडघ्यांस तो मानवला असेल. पण त्यामुळे बरोबरीचे निकाल वाढले, आणि बरोबरी म्हणजे कोणाचा विजय मानावा, यावर मत देणाऱ्यांस आपापला पूर्वग्रह ओतावयास आणखी एक मोकळे भांडे मिळाले. नावाजलेला संघ बरोबरीत सुटला तर ‘सावध खेळला’, आणि अनोळखी संघ सुटला तर ‘नशीब बलवत्तर’!

आता प्रांताप्रांतांच्या तुलनेविषयी. तिसऱ्या विभागाचे संघ बहुधा बसने प्रवास करतात व बहुतेक सामने आपल्या आसपासच्या महाविद्यालयांशीच खेळतात. त्यांची परिस्थितीही तशी आणि अभ्यासाचीही तीच मागणी. त्यामुळे न्यू इंग्लंडमधील संघ नोव्हेंबरपर्यंत क्वचितच मिनेसोटातील संघाच्या समोर येतो. दोन प्रांतांना जोडणारा सामनाच झालेला नाही, तर त्यांपैकी एकाचा सातवा आणि दुसऱ्याचा एकोणिसावा क्रमांक हे आले कोठून? म्हापशाच्या न्यायालयाने एका दाव्यातील प्रतिवादीची आणि बेळगावच्या न्यायालयाने दुसऱ्याच दाव्यातील प्रतिवादीची साक्ष घ्यावी, आणि तिऱ्हाइताने दोन्हींची टिपणे न वाचताच या दोघांत अधिक सत्यवादी कोण ते सांगावे, असे हे चालले आहे. मुख्यतः न्यू इंग्लंडमधील अकरा महाविद्यालयांचा जो सुप्रसिद्ध गट आहे, १९७१ साली स्थापन झालेला, ज्यात ॲमहर्स्ट, विल्यम्स, टफ्ट्स, मिडलबरी इत्यादी नावाजलेल्या संस्था आहेत, तो तर इतरांहून उशिरा खेळू लागतो. तरीही पहिल्या याद्यांत त्या गटातील संघांस मानाची पाने मांडलेली असतात.

येथे न्यायाने एक गोष्ट कबूल केली पाहिजे. हा मान त्या गटाने कमावलेला आहे. २०१४ पासून २०१९ पर्यंतच्या सहा राष्ट्रीय विजेतेपदांपैकी पाच त्या गटाकडे गेली: टफ्ट्सकडे चार व ॲमहर्स्टकडे एक. पण कमावलेला मान कमावणाऱ्याचा असतो. मोठ्या घराण्यातील कर्त्या पुरुषाची पत त्याच्या आळशी पुतण्यास बाजारात उधारी मिळवून देते, हे आपण नित्य पाहतो. तसे त्या गटातील सहाव्या-सातव्या स्थानावरील संघासही सप्टेंबरात फुकटचे वजन प्राप्त होते. आणि अनुभव काय सांगतो? २०२२ साली शिकागो विद्यापीठ अजिंक्य ठरले. तेवीस सामन्यांत बावीस विजय, एक बरोबरी, पराभव एकही नाही. अंतिम सामन्यात त्यांनी विल्यम्सला २-० असे हरविले. त्यांच्या प्रशिक्षिका ज्युलियन सिच यांचे ते त्या जागेवरील पहिलेच वर्ष होते, आणि पुरुषांच्या संघास एनसीएएचे फुटबॉल विजेतेपद मिळवून देणारी ती पहिलीच स्त्री. पुढच्या वर्षी मिनेसोटातील सेंट ओलाफ या महाविद्यालयाने अंतिम सामन्यात ॲमहर्स्टला २-१ असे नमविले. दोन्ही वर्षी मध्य-पश्चिमेच्या संघाने न्यू इंग्लंडचा नावाजलेला संघ गारद केला.

यावर विरोधकांचे नेहमीचे उत्तर म्हणजे मेसाया. पेनसिल्व्हेनियातील या महाविद्यालयाने २००० ते २०१७ या अठरा हंगामांत अकरा वेळा राष्ट्रीय विजेतेपद पटकावले. त्या काळात ऑगस्टमध्ये डोळे मिटून ज्याने मेसायास वरचा क्रमांक दिला, तो बहुधा बरोबरच ठरला. मान्य. पण जो डोंगर साऱ्या गावास दिसतो, तो दाखविण्यासाठी वाटाड्या कशास हवा? प्रश्न आहे तो झाडीत दडलेल्या टेकड्यांचा. २०१४ ते २०२४ या काळात, महामारीमुळे रद्द झालेले २०२० हे वर्ष सोडले तर, दहा राष्ट्रीय स्पर्धा झाल्या. त्यांपैकी पाच वेळा विजेता असा निघाला की, ज्याने त्यापूर्वी हे पद कधीच जिंकले नव्हते: २०१४ साली टफ्ट्स, २०१५ साली ॲमहर्स्ट, २०२१ साली कनेक्टिकट महाविद्यालय, २०२२ साली शिकागो, २०२३ साली सेंट ओलाफ. यांतील शेवटचे तिघे तर लागोपाठ. कनेक्टिकट महाविद्यालयाच्या इतिहासात कोणत्याही खेळातील ते पहिलेच राष्ट्रीय सांघिक विजेतेपद होते. जी पद्धत मुख्यतः गतवैभवाकडे पाहून भविष्य वर्तविते, तिची पाठ नव्या विजेत्याकडेच असणार, यात आश्चर्य ते कसले?

दुसरा आरोप न्यायाधीशांवर. ही मते देतो कोण? राष्ट्रीय व प्रादेशिक क्रमवारी प्रसिद्ध करणारी मुख्य संस्था ही प्रशिक्षकांचीच आहे; १९४१ साली स्थापन झालेली व २०१७ साली ‘युनायटेड सॉकर कोचेस’ असे नवे नाव घेतलेली. मत देणारे प्रशिक्षक, आणि ज्यांस क्रमांक मिळतो ते संघही प्रशिक्षकांचेच. कोणीही आपल्याच दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे तत्त्व कायद्याच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही जाणतो. येथे प्रत्येक मतदाराचे हित गुंतलेले असते. स्वतःच्या संघात नसले तर आपल्या गटात, आपल्या गटात नसले तर पुढल्या महिन्यात ज्यांच्याशी सामना ठरलेला आहे त्या प्रतिस्पर्ध्यांत. कारण प्रतिस्पर्धी नावाजलेला ठरला, तर त्यास हरविल्याचे श्रेयही थोरले. आम्ही कोणा प्रशिक्षकावर लबाडीचा आळ घेत नाही, घेण्याचे कारणही नाही. ते बहुतेक सारे सचोटीचे व खेळावर प्रेम करणारे लोक आहेत. पण हितसंबंध असलेल्याने निवाडा देऊ नये, हा नियम लबाडांसाठी नव्हे, सचोटीच्या माणसांसाठीच केलेला आहे. लबाडासाठी फौजदारी कायदा आहे. आमच्या वाचकांतील कित्येक जण आपापल्या देवस्थानाचे महाजन आहेत. समितीच्या निवडणुकीत उमेदवारानेच मते मोजावयास बसावे, हे त्यांतील किती जण चालू देतील?

तिसरा आरोप सर्वांत गंभीर, कारण तो परिणामांविषयी आहे. यादीचे समर्थक येथे हात झटकून म्हणतात: ‘अहो, ही करमणूक आहे! प्रशिक्षकांच्या यादीवरून राष्ट्रीय स्पर्धेत कोणासही प्रवेश मिळत नाही. ते काम एनसीएएचे.’ कागदावर हे खरे आहे. एनसीएएच्या समित्या देशाचे प्रदेश पाडून स्वतःची प्रादेशिक क्रमवारी ठरवीत, आणि विशेष म्हणजे ती ऑक्टोबर उजाडल्यावाचून प्रसिद्ध करीत नसत. ज्यांच्यावर खरी जबाबदारी होती त्यांनी थांबावे, आणि ज्यांच्यावर कसलीच नव्हती त्यांनी घाई करावी, हा विरोधाभास बोलका आहे. त्या समित्यांपुढील कसोट्यांत विजयाचे प्रमाण, प्रतिस्पर्ध्यांची ताकद इत्यादींबरोबर ‘क्रमांकप्राप्त संघांविरुद्ध लागलेले निकाल’ अशीही एक कसोटी होती. म्हणजे एकाचा क्रमांक हा दुसऱ्याच्या क्रमांकाचा पुरावा! हे वर्तुळ समितीच्या आपल्याच क्रमवारीचे होते, हे आम्ही जाणतो. पण समितीवरील माणसेही त्याच जगातील. सहा आठवडे दर मंगळवारी-बुधवारी जी नावे वाचली, ती ऑक्टोबरात विसरून कोऱ्या मनाने बसा, असे माणसास सांगता येत नाही.

वकिलीत आम्हांस याचा दररोज प्रत्यय येतो. एकतर्फी अंतरिम हुकूम मिळतो. तो ‘केवळ पुढील तारखेपर्यंत’ असतो. तारखा पडत जातात, वर्षे लोटतात, त्या हुकुमाभोवती भिंती उभ्या राहतात, झाडे वाढतात, आणि अखेर निकालाच्या दिवशी न्यायाधीशासही वाटू लागते की, जे इतकी वर्षे आहे ते तसेच असू द्यावे. ऑगस्टची क्रमवारी हा असाच अंतरिम हुकूम होय. नावाजलेला संघ पहिला सामना हरला तर बाराव्यावरून अठराव्यावर येतो. अनोळखी संघ पहिले चार जिंकला तरी यादीखालच्या ‘मते मिळालेल्या इतर संघां’त लटकत राहतो. दोघांसही तोच सामना, तेच मैदान, तोच चेंडू. परंतु एकास खाली यावयास अनेक पराभव लागतात व दुसऱ्यास वर चढावयास अनेक विजय. पुराव्याचा भार दोन पक्षकारांवर असा विषम टाकणाऱ्या न्यायासनास आपण काय म्हणू?

२०२४ च्या हंगामापासून तिसऱ्या विभागाने निवडीची पद्धत बदलली. समित्यांच्या मतांऐवजी एनपीआय नावाचे गणिती मानांकन आले. विजय-पराभव, प्रतिस्पर्ध्याची ताकद, सामना घरच्या मैदानावर की परक्या, बलवान संघावरील विजयास अधिक मोल, या गोष्टी आकड्यांत मांडून यंत्र क्रमांक काढते. या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो. गणितास काका-मामा नसतात. परंतु तेवढ्याने आमचा आक्षेप संपत नाही. हे गणितही हंगामाच्या अखेरीस मांडण्यासाठी आहे. चारशे संघ जेव्हा एकमेकांशी आडव्या-उभ्या सामन्यांनी पुरेसे विणले जातात, तेव्हाच त्या विणीतून आकृती दिसते. सप्टेंबरात धागे सुटेच असतात. तरीही उत्साही मंडळी तिसऱ्या सामन्यानंतरच हे गणित मांडून बसतात, आणि दशांश चिन्हानंतरचे चार आकडे पाहून आपणांस सत्य गवसले असे त्यांस वाटते. पूर्वग्रह निदान पूर्वग्रह म्हणून ओळखू येई. हे दशांशाचे सोवळे नेसून आलेले अज्ञान अधिक घातक.

या साऱ्यात नुकसान कोणाचे? मोठ्या नावांचे मुळीच नव्हे. नुकसान त्या महाविद्यालयाचे, ज्याचे नाव त्याच्या राज्याबाहेर कोणास ठाऊक नाही. जेथे प्रशिक्षकच मैदानाच्या रेषाही आखतो, आणि जेथे यंदा योगायोगाने चार-पाच चांगली मुले एकाच वर्गात जमली आहेत. पुढल्या वर्षी चांगल्या विद्यार्थ्यास हा संघ दिसावा, बलवान संघांनी सामन्याचे निमंत्रण द्यावे, यासाठी त्यास नाव हवे. आणि नाव मिळण्यासाठी आधी नाव असले पाहिजे, अशी ही कोंडी. खेळाडूच्या वाट्यास एकंदर चारच हंगाम येतात. त्यात २०२० चा हंगाम लाभलाच नाही असे कितीतरी विद्यार्थी होऊन गेले. त्या वर्षीची राष्ट्रीय स्पर्धा ऑगस्टमध्येच रद्द झाली होती. शिष्यवृत्ती नाही, पुढे धंदेवाईक खेळाची आशाही फारशी नाही. जे मिळावयाचे ते एवढेच, की आम्ही जितके खेळलो तितके मोजले जावे. तेवढेही जर ऑगस्टमधील एखाद्या मतपत्रिकेने डागाळावे, तर मग शिष्यवृत्ती न देण्याचा तो निर्मळ नियम कशासाठी मिरवावयाचा?

आमची मागणी फार मोठी नाही. प्रत्येक संघाचे निदान आठ सामने होईपर्यंत, म्हणजे साधारण ऑक्टोबरचा पहिला आठवडा उजाडेपर्यंत, राष्ट्रीय असो वा प्रादेशिक, कोणतीही क्रमवारी प्रसिद्ध करू नये. त्यानंतर जी करावयाची, तीत प्रशिक्षकाने आपल्या संघास व आपल्या कॉन्फरन्समधील कोणाही संघास मत देऊ नये. आणि प्रत्येकाचे मत त्याच्या नावानिशी छापावे. जो निवाडा देतो त्याने त्याखाली सही करावयास कचरू नये. तोपर्यंत वृत्तपत्रांस रकाने भरावयाचेच असतील तर सामन्यांचे निकाल छापावे, गोल कोणी केले ते छापावे, नव्या मुलांची नावे छापावी. वाचकांस खरोखर तेच हवे असते. आपल्याकडे देवास पाकळी लावून कौल मागतात, तेव्हा पाकळी लावल्याबरोबर कोणी निकाल सांगत नाही. ती आपण होऊन पडेपर्यंत सारी मंडळी हात जोडून तिष्ठत असतात, मग दुपार टळली तरी बेहत्तर.

संघटना हे सर्व एका दिवसात मान्य करील, अशी आमची समजूत नाही. वर्तमानपत्रांस यादी हवी, महाविद्यालयांच्या जाहिरात-खात्यास यादी हवी, आणि ज्यांचे नाव यादीत आहे त्या माजी विद्यार्थ्यांस तर ती फारच हवी. परंतु संघटनेची वाट पाहण्याचे कारण नाही. मत देणाऱ्या प्रशिक्षकांपैकी कोणी एकाने येत्या ऑगस्टमध्ये आपली मतपत्रिका कोरी परत पाठवावी आणि खाली सहीनिशी एवढेच लिहावे की, या प्रकरणात अद्याप कोणताही पुरावा दाखल झालेला नाही, सबब पुढील तारीख ऑक्टोबरमधील द्यावी.